डुक्कर गाडी आणि तिसरं वळण

आमच्या बैठकीतल्या शोकेसमध्ये एक पितळी कप आहे आणि कपाच्या शेजारी एक फोटो. फोटोत अण्णा, म्हणजे माझे वडील, एका लाल मोटारीला टेकून उभे आहेत. उजवा पाय जमिनीपासून वीतभर वर, मान ताठ, नजर लांब कुठंतरी. त्यांच्यापासून दोन हात अंतरावर आई उभी आहे. तिच्या हातात दोन हेल्मेटं आहेत, केस चप्प बसलेत, आणि ती हसतीय की तिची दाढ दुखतीय हे पन्नास वर्षांत कुणाला ठरवता आलेलं नाही.

पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी हा फोटो पुढं यायचा. "ही आपली डुक्कर," अण्णा सांगायचे. ज्यांनी ती बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या काळी एक गोलमटोल, गाल फुगलेली मोटार होती, तिला आपल्याकडं सगळे लाडानं डुक्करच म्हणायचे. तर त्या डुकरावर बसून अण्णांनी कन्नडच्या घाटातली शर्यत मारली होती. खाली चाळीसगावच्या बाजूनं निघायचं आणि वळणं घेत वर कन्नडच्या अंगाला यायचं, एकेक गाडी सोडायची, वर घड्याळ घेऊन माणूस उभा. सगळ्यात कमी वेळात अण्णा पोचले. म्हणून तो कप.

"पाय असा वर का उचललाय?" एखादा चौकस पाहुणा विचारायचा.

"तेव्हाची स्टाईल होती ती," अण्णा म्हणायचे.

आणि मग ते घाट चढायला लागायचे. सोफ्यावर बसल्या बसल्या क्लच, गिअर, एक्सिलेटर, सगळं. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि बरोब्बर तिथं आतून आईचा आवाज यायचा, "आन् तिसऱ्या वळणावर?"

अण्णांना ठसका लागायचा. "तिसऱ्या वळणावर काय? वळलो," म्हणायचे आणि एकदम सातव्या वळणावर निघायचे. मी हे इतक्यांदा ऐकलं की मला वाटायचं, हा गोष्टीचाच भाग आहे, आरतीत मध्येच टाळ्या येतात तसा.

अण्णा त्या वेळी पैठणकडं कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होते. पगार बेताचा, हौस मात्र नबाबाची. गाडी तयार केली आमच्याच शहरात, उस्मानपुऱ्यातल्या एका मिस्त्रींनी. मिस्त्री पाच वेळचे नमाजी, त्यामुळं गाडीचं आपल्याकडचं नाव ते काही तोंडात घेत नसत. अण्णा मुद्दाम विचारायचे, "काय मिस्त्री, आपलं डुक्कर कुठवर आलं?" आणि मिस्त्री पान्यावरची नजर न काढता म्हणायचे, "कौनसा जानवर, साहब? यहां तो एक गोल गाडी खडी है." गाडी विकल्यावरसुद्धा दोघं भेटले की हेच बोलायचे आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

शर्यतीची गाडी करायची म्हणजे घरगुती गाडीतून घर काढून टाकायचं. मागचं सीट काढलं, बंपर काढले, सायलेन्सर मोकळा केला, इंजिनाचं हेड घासून घेतलं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले. वजन कमी व्हावं म्हणून अण्णांनी जिथं जिथं ड्रिल पोचेल तिथं भोकं पाडली. सिगारेटची राख झाडायच्या डबीलाही सोडलं नाही. आई अजून म्हणते, "पत्र्याला दोनशे भोकं पाडली. त्याच्यापरीस सकाळची चार भजी सोडली असती तर गाडी उडालीच असती."

मिस्त्रींचे दोन नियम सगळ्या शहराला माहीत होते. पहिला, काम पक्कं झालं की प्रत्येक बोल्टवर हिरव्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका चिरलेला दिसला की समजायचं, कुणीतरी मागाहून पाना लावलाय. दुसरा नियम, जी गाडी जिंकली तिच्यात पुन्हा फेरफार करायचा नाही. "जीती हुई गाडी, जैसी जीती वैसीच रहेगी," असं म्हणायचे. मालक हातापाया पडला तरी नाही. त्यांच्या मते जिंकलेल्या गाडीला हात लावणं म्हणजे अल्लाच्या कामात दुरुस्ती करणं.

आणि अशी ही जिंकलेली गाडी अण्णांनी पंधरा दिवसांत विकून टाकली. "माणसानं टोकावर असतानाच थांबावं," हे त्यांचं वाक्य. माझ्या दहावीच्या निकालाला, लग्नात, सासऱ्यांच्या निवृत्तीच्या समारंभात, सगळीकडं मी ते ऐकलंय.

अण्णांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांना गाडी लागते. स्वतः चालवली तर नाही, शेजारी बसले की लागते. "हे खऱ्या ड्रायव्हरचं लक्षण आहे," असं ते सांगतात आणि खिशातून लिंबू काढतात. आता त्यांनी ऐंशी पार केल्यावर गाडी मीच चालवते, ते शेजारी लिंबू हुंगत बसतात आणि मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी तयार असते.

आई मागं बसते, पण गप्प बसत नाही. "क्लचवर पाय ठेवून चालवू नको." "चढाला आधी गिअर उतरव, गाडी रडायची वाट बघू नको." वीस वर्षं मी हे ऐकत आलेय. मी शाळेत गणित शिकवते, दिवसभर चाळीस पोरं डोकं खातात, आणि संध्याकाळी गाडीत हे. एकदा शहरातल्या 'बाबा पेट्रोल पंप' नावाच्या चौकात मी तडकलेच. म्हटलं, "आई, जन्मात कधी स्टेअरिंग हातात धरलं नाहीस आणि मला शिकवतेस?" अण्णांनी लिंबू नाकाला घट्ट धरलं. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "व्हय गं बाई, मला काय कळतंय." ते वाक्य मी विसरून गेले होते. आता विसरता येत नाही.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, कडेची नजर गेली ती गेलीच, मधली आहे ती औषधांनी जितकी टिकेल तितकी खरी. आईला सगळं आता बांगडीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि बांगडी दर महिन्याला लहान होतेय. ती रडली नाही. फक्त भाजी निवडायची बंद झाली, त्याचा तिला राग आला.

त्याच सुमाराला शहरातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी प्रदर्शन ठरवलं. इथं एके काळी शर्यतीसाठी तयार केलेल्या गाड्या कुठल्या, त्यांचं पुढं काय झालं, हे शोधून मांडायचं होतं. माझा एक जुना विद्यार्थी त्यांच्यात आहे. तो छापील फॉर्म घेऊन आला. गाडी, मिस्त्री, चालक, सध्याची अवस्था. अण्णांचा फोटो त्यानं लहानपणी बघितलेला, म्हणून पहिला फॉर्म आमच्या घरी, आणखी गाड्या सापडल्या तर म्हणून चार कोरे जास्तीचे.

मला वाटलं अण्णा उड्या मारतील. अण्णा म्हणाले, "गेली असेल भंगारात. कशाला मढी उकरायची?"

आणि आई, जिला असल्या गोष्टीत काडीचा रस नाही असं मी समजत होते, ती म्हणाली, "शोध. दिसतंय तवर मला एकदा बघायचीय ती गाडी."

म्हटलं, काय ही माया! नवऱ्याच्या पराक्रमाची खूण डोळे जायच्या आत बघायचीय हिला. मी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही गाडी शोधायची.

अण्णांनी मग भरपूर मदत केली. आधी म्हणाले, जालन्याला एकानं नेली होती. पत्ताही दिला. जालन्याला ज्या गृहस्थांकडं गेले त्यांच्याकडं आयुष्यात सायकलीपलीकडं वाहन नव्हतं, पण चहा चांगला होता आणि गुडघेदुखीवर त्यांनी मला तासभर सांगितलं. पुढच्या रविवारी अण्णांना आठवलं की जालना नव्हे, परतूर. त्याच्या पुढच्या रविवारी परभणी. मी म्हटलं, मिस्त्रींच्या दुकानात विचारते. तर म्हणाले, "मिस्त्री गेले बिचारे. पोराला काय माहीत असणार?"

चौथ्या रविवारी मी कुणालाही न सांगता उस्मानपुऱ्यात गेले. मिस्त्रींचा मुलगा दुकान चालवतो, तोही आता पन्नाशीचा आहे. मी नाव सांगायच्या आत त्यानं खुर्ची पुसली.

"आओ बाजी. मैं सोचा अबतक आये क्यों नहीं."

"तुम्हाला काय माहीत मी येणार?"

"तुम्हारे अब्बाजी आये थे पिछले महीने. बोले, बेटी गाडी का पूछी तो नक्को बताना."

माझं डोकंच फिरलं. जालना, परतूर, परभणी, तिन्ही रविवार डोळ्यांसमोरून गेले. म्हटलं, "मग आता सांगताय कसं?"

"दूसरे दिन तुम्हारी अम्मी का फोन आया ना. बोले, पूछी तो बताना." तो हसला. "मेरे अब्बा बोलके गये बाजी, उस गाडी का कोई मामला आया तो साहब से बाई की बात ऊपर. क्यों, वो नहीं बोले."

त्याच्या वडिलांनी शर्यतीसाठी तीन गाड्या केल्या होत्या. तिन्हींचा पत्ता त्याला पाठ. छावणीतल्या डॉक्टरांची काळी अँबेसिडर मधोमध कापली गेली, मागच्या अर्ध्याची ट्रॉली झाली आणि ती आता वैजापूरकडं कांदा वाहते. बॉनेट कुणाच्या तरी हौदावर झाकण म्हणून आहे. एका कापूस व्यापाऱ्याची पांढरी हेराल्ड जिनिंग मिलच्या मागं उभी आहे, तिच्या टपातून बाभूळ वर आलीय. गाडी काढायची तर झाड तोडावं लागेल, आणि झाड कुणाच्या हद्दीत यावर दोन चुलतभावांचा दावा चालू आहे. मी दोन फॉर्म तिथंच भरले. 'सध्याची अवस्था' या रकान्यात जागा पुरली नाही.

"आणि आमची?"

"गोल गाडी बिडकीन को गयी थी," तो म्हणाला. वडिलांचा नियम त्यानंही पाळला, तो शब्द उच्चारला नाही.

बिडकीनला ज्यांनी गाडी घेतली ते शेतकरी वारले होते. मुलगा नव्या एमआयडीसीत नोकरीला, निम्मी जमीन त्यातच गेलेली. तो म्हणाला, "वडलांनी गाडी फिरवायला घेतलीच नव्हती, मॅडम. इंजिनासाठी घेतली. मळणीयंत्राला जोडलं. ते चालू केलं की गहू न्हाय, डायरेक पीठ बाहेर यायचं म्हणायचे." शेडमध्ये ताडपत्रीखाली इंजिन होतं. मोबाईलचा उजेड धरला तर बोल्टावर हिरवे ठिपके, जुन्या कुंकवासारखे विटलेले पण जागच्या जागी. मला नाचावंसं वाटलं. बाकीची गाडी कुठंय विचारलं तर तो म्हणाला, "खोकं कन्नडच्या एकानं नेलं. वरातीला."

कन्नडच्या माणसाला तिथूनच फोन लावला. मोठा मोकळा माणूस. म्हणाला, "हाय की! आता शेळी बसती तिच्यात. तुम्ही या, शेळीला उठवतो."

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "उद्याच जाऊ." अण्णा म्हणाले, उद्या अमावस्या आहे. आईनं कॅलेंडर न बघता सांगितलं, "अमावस्या परवा झाली." मग अण्णांचा गुडघा दुखायला लागला, मग कन्नडला फार ऊन असतं, मग त्यांना गाडी लागते. आई म्हणाली, "पिशवी घ्या दोन." विषय संपला.

जालन्यावरून अण्णांशी भांडायचं मी ठरवलं होतं, पण ते कन्नडपर्यंत असे गप्प बसले होते की माझी हिंमत झाली नाही. लिंबूसुद्धा हुंगलं नाही. मिस्त्रींचा मुलगा आईशेजारी मागं बसला होता, ठिपके ओळखायला.

गाडी होती. उसाच्या कडेला पत्र्याची शेड, अर्ध्यात कडबा आणि अर्ध्यात ती. लाल रंग उडून विटेसारखा झालेला, पण तेच फुगलेले गाल. आतून आणि बाहेरून कडांना झेंडूच्या वाळक्या माळांचे दोरे. मालकांनी ती ट्रॅक्टरमागं बांधून पंधरा वर्षं नवरदेव फिरवले होते. मागं सीट नव्हतंच, तिथं गादी टाकून नवरानवरी बसवायचे. ज्या गाडीनं घाटात सगळ्यांना मागं टाकलं ती पंधरा वर्षं बँडवाल्यांच्या मागं चालत होती.

अॅशट्रेला भोकं होती. मी ती मोजत होते, तेवढ्यात माझी नजर खाली गेली.

ड्रायव्हरचं सीट स्टेअरिंगला चिकटेल इतकं पुढं ओढलेलं होतं. त्याच्याखाली फळी घालून ते चार बोटं उंच केलेलं. आणि क्लच, ब्रेक, एक्सिलेटर, तिन्हींवर लाकडाचे जाड ठोकळे बोल्ट मारून बसवलेले.

"ही नव्हे," मी म्हटलं. मला इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. "ही आपली गाडी नव्हे. हे बघा की, इथं माणूस बसेल का? अण्णा सहा फूट!"

मालक म्हणाले, "ते ठोकळे पहिल्यापासूनच हायेत. काढणार होतो, पण आमचा मेव्हणा जरा बुटका. वरातीत स्टेअरिंग धरायला त्यालाच बसवायचो, त्याला बरं पडायचं. म्हटलं राहू दे."

मिस्त्रींचा मुलगा खाली वाकला, उजेड धरला, बराच वेळ उठला नाही. मग हळू म्हणाला, "बाजी, ठोकळों के बोल्ट पे अब्बा का ठिपका है. टूटा नहीं." ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाला, "जीती हुई गाडी है. जैसी जीती, वैसीच है."

मी गणिताची बाई. एखादं उत्तर समोर आलं की ते दिसलं नाही असं मला म्हणता येत नाही. मी अण्णांकडं बघितलं, सहा फूट. आईकडं बघितलं, पावणेपाच फूट, चपलेसकट. फोटोतला उचललेला पाय आठवला. दोन हेल्मेटं आठवली, चप्प बसलेले केस आठवले. आणि बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात मी काय बोलले होते ते आठवलं, आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी तिथंच कडब्यावर बसले.

आई मात्र मान तिरकी करून, बांगडीत मावेल तेवढी तेवढी गाडी बघत होती. आधी दिवा, मग दार, मग टप. पुरं फिरून झाल्यावर ती अण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हीच का आपली? का दुसरी हाय? तुम्ही म्हणाल ते."

अण्णा 'दुसरी' म्हणाले असते तर ती मान हलवून गाडीत जाऊन बसली असती. आणि पाहुण्यांसमोर पुन्हा तोच घाट, तेच वळण. हे अण्णांनाही कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मालक, मिस्त्रींचा मुलगा, मी, शेळी, सगळे त्यांच्याकडं बघत होतो.

"हीच," अण्णा म्हणाले. मग मोठ्यानं, जणू कुणीतरी विरोध करतंय, "हीच! आन् चालवली हिनं. मी नाय."

मग जे पन्नास वर्षं घशात अडकलं होतं ते बाहेर आलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुकानात गिअरबॉक्स उतरवताना तो अण्णांच्या उजव्या पायावर पडला. पाय भोपळ्याएवढा. आणि आई गाडी चालवायला शिकली होती, कालव्याच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर, अण्णा मुकादमांना झापत बसायचे तेवढ्या वेळात. शेजारी बसणारा म्हणून तिचंच नाव दिलेलं होतं, कारण मिस्त्री म्हणायचे, मैं बनाता हूं, बैठता नहीं. मिस्त्रींनी शर्यतीच्या दिवशी पहाटे ठोकळे बोल्टांनी पक्के केले आणि ठिपके दिले. खाली निघायच्या रेषेवर धुकं होतं. गाड्या सोडणाऱ्या साहेबाला दोन हेल्मेटं दिसली, कुठल्या हेल्मेटात कोण हे विचारायची पद्धत नव्हती. वर घड्याळवाल्याच्या पुढच्या वळणाआड दोघांनी जागा बदलल्या.

"आन् तिसऱ्या वळणावर?" आईनं विचारलं.

"तिसऱ्या वळणावर," अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले, "मला उलटी झाली. हेल्मेटात."

मालक इतके हसले की शेळी घाबरून उसात शिरली. मीसुद्धा हसले. पण मला अण्णांचा राग आला होता, खरा राग. म्हटलं, "ते सगळं ठीक आहे. गाडी का विकली?"

आईच म्हणाली, "हे म्हणले होते, पुढच्या वर्षी तुझ्या नावानं फॉर्म भरू. तुझ्या सासऱ्यांना मी सांगतो म्हणले." ती हसत सांगत होती, पण तिचा आवाज हसत नव्हता. "मी लई वाट बघितली होती बघ त्या पुढच्या वर्षाची."

"दोनदा बसून बघितलं मी हिच्यात," अण्णा म्हणाले. "गुडघे स्टेअरिंगला लागायचे. मिस्त्री ठोकळे काढीना. म्हणाला, 'साहब, जिसने जीती उसके पैर का नाप है.' दुसऱ्या मिस्त्रीकडं न्यावी तर तो विचारणार, हे ठोकळे कुणाचे? मी... मला नाय सहन झालं. विकून टाकली." मग ते आईला म्हणाले, आणि त्यांनी तिला असं काही म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं, "चुकलं माझं."

आईनं पदरानं गाडीच्या टपावरची धूळ पुसली, जेवढी दिसत होती तेवढी.

माझ्या पर्समध्ये फॉर्म होता. 'चालक' या रकान्यात मी घरून निघतानाच अण्णांचं नाव लिहिलं होतं. अण्णांनी पेन मागितलं, ते नाव स्वतः खोडलं, वर आईचं लिहिलं. त्यांचं अक्षर आता फार वेडंवाकडं येतं, त्यामुळं वेळ लागला. आई म्हणाली, "आन् खाली लिहा, शेजारी बसणाऱ्याला उलटी झाली." अण्णा म्हणाले, रकाना नाही. ती म्हणाली, मागं कोरी जागा हाय.

मग ती गाडीत बसली. कुणी सांगितलं नाही, कुणी हात दिला नाही. दार उघडलं, साडी गोळा केली आणि बसली, आणि ती जागा तिला अशी नेमकी बसली की मला रडू आलं. पाय चाचपत ठोकळ्यांवर ठेवले. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. दोन्ही हात स्टेअरिंगवर. तिचे डोळे कुठं बघत होते कुणास ठाऊक, समोर तर कडब्याच्या पेंढ्या होत्या.

अण्णा गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. दार अडकलं होतं, मिस्त्रींच्या मुलानं ओढून दिलं. ते वाकून, गुडघे हनुवटीला लावून शेजारी बसले.

इंजिन बिडकीनला. टायरांत हवा नाही. आईनं क्लच दाबला, पहिला गिअर टाकला.

अण्णांनी खिडकीतून माझ्याकडं हात काढला. "पिशवी दे," म्हणाले.